अमेरिकेत पोलिसांनी अटक करताना हक्क (गप्प राहण्याचा, वकील मिळण्याचा) वाचून दाखवले नाहीत, तर आरोपी सुटतो का?

नाही. हा समज हॉलिवूडने पसरवलाय. हक्क सांगितले नाहीत तर खटला रद्द होत नाही. ताब्यात ठेवून चौकशीत मिळवलेला जबाब सरकारी पक्षाला मुख्य पुरावा म्हणून मांडता येत नाही, एवढंच. साक्षीदार, बोटांचे ठसे वगैरे बाकी सगळं चालतं.

ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो त्या अर्नेस्टो मिरांडाचंच बघा. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. पण अ‍ॅरिझोनात पुन्हा खटला चालला, पोलिसांपुढचा कबुलीजबाब बाजूला ठेवला गेला, आणि तरी १९६७ मध्ये तो दोषी ठरलाच. तो जिच्यासोबत राहायचा, तिनेच साक्ष दिली की गुन्ह्याची कबुली त्याने तिच्याकडेही दिली होती!

गाडी थांबवून रस्त्यावर केलेल्या साध्या विचारपूसीला सहसा हा नियम लागत नाही. आणि एक विचित्र गोष्ट: २०१० च्या निकालानुसार नुसतं गप्प बसून भागत नाही. ‘मला गप्प राहण्याचा हक्क वापरायचाय’ हे तोंडाने स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर पोलीस प्रश्न विचारत राहू शकतात.