लुकलुकणारा दिवा आणि व्यापाऱ्याचा काटा

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सेवा केंद्रातला कॉम्प्युटर बंद केल्यावरही मागचा लॅनचा, म्हणजे नेटची तार लागते तिथला, दिवा रात्रभर लुकलुकतो, म्हणजे आत कुणीतरी बसलंय आणि गावाचे आधार, सातबारे परदेशात जातायत, असं तू लिहिलंस. गावच्या ग्रुपवर टाकू का, असंही विचारलंस. अजून टाकू नकोस. दिवा लुकलुकतो हे खरं. कुणी बसलंय हे अजून कळायचं आहे. या दोन गोष्टींमधलं अंतर मी एकदा विसरलो होतो.

तू तेव्हा लहान होतीस. खेडा खरेदीला आलेल्या एका व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कापूस कमी भरत होता. घरी 42 किलो भरलेलं गाठोडं तिथं 39. लोकांनी मला बोलावलं. मी काटा खोलला, हिरव्या पाटीवर एक अनोळखी बारीक चिप दिसली आणि चार माणसांत बोलून गेलो, ‘यात रिमोट बसवलाय.’ त्या माणसाला लोकांनी शिव्या देत गावाबाहेर काढलं. काटा माझ्याच दुकानात राहिला. दोन दिवसांनी शांतपणे तपासला, तेव्हा समजलं की ती चिप लोड सेलचं, म्हणजे वजनाचा दाब ओळखणाऱ्या भागाचं, वजन आकड्यात बदलणारी, अशा काट्यात असतेच. लोड सेलची तार उंदरानं कुरतडली होती. शेतकऱ्याचं नुकसान खरं होतं. चोरीचा पुरावा मात्र माझ्याकडे कधीच नव्हता. त्या व्यापाऱ्याची माफी मागायला मी दारव्ह्याला गेलो. त्यानं चहा दिला, पण एक शब्द बोलला नाही.

म्हणून शंकाच घेऊ नकोस, असं मी सांगणार नाही. क्रिप्टो एजी नावाची स्वित्झर्लंडची कंपनी देशोदेशीच्या सरकारांना गुप्त संदेशाची यंत्रं विकायची. भारत आणि पाकिस्तान दोघंही तिचे गिऱ्हाईक. 1970 पासून ती कंपनी छुपेपणानं अमेरिकेच्या सीआयएच्या आणि जर्मन गुप्तहेर खात्याच्या मालकीची होती, हे 2020 मध्ये कागदपत्रांसह बाहेर आलं. त्यांना संदेश फोडता यावेत म्हणून यंत्रं मुद्दाम कच्ची ठेवलेली होती. तेव्हा ‘असं कुठं असतं का’ म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. असतं.

तुझ्या मशीनबद्दलही शंकेला जागा आहे. 2008 नंतरच्या जवळपास प्रत्येक इंटेल चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. मशीन बंद असलं, तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत तो जागा राहू शकतो, आणि त्याचा प्रोग्रॅम बाहेरच्या माणसाला नीट वाचता येत नाही. त्याच्याच आधारानं ऑफिसच्या मशीन दुरून चालवायची जी एएमटी सोय असते, तिच्यात मे 2017 मध्ये भोक जाहीर झालं: पासवर्डच्या उत्तराची जागा रिकामी पाठवली तरी दार उघडायचं. ते मुद्दाम ठेवल्याचा पुरावा कुणी दिलेला नाही. पण ज्याचं घर फुटतं त्याला कडी विसरली की काढून ठेवली, यानं काय फरक पडतो? मला राग याचा येतो की आपल्याच पैशानं घेतलेल्या मशीनमधली एक खोली आपल्यालाच उघडता येत नाही.

आणि 2018 मधली ती बातमी, जिचा तू दाखला दिलास? सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हरच्या पाट्यांवर चीननं तांदळाच्या दाण्याएवढी हेरगिरीची चिप बसवली, असं तिच्यात होतं. अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन, सुपरमायक्रो तिघांनीही ती साफ नाकारली, आणि तशी चिप आजवर कुणी चारचौघांत काढून दाखवली नाही. ती बातमी तुझ्या बाजूनं मोजू नकोस.

आता तुझा दिवा. राऊटर ‘कोण आहे, कोण आहे’ म्हणून सगळ्या तारांवर ओरडत असतो. बंद मशीनचं लॅनकार्ड जागं असेल तर त्या ओरडण्यानंही दिवा लुकलुकतो. आत येणारं लुकलुकणं वेगळं, बाहेर जाणारं वेगळं. ते त्याच मशीनवरून कळणार नाही, कारण मॅनेजमेंट इंजिन जे पाठवेल ते विंडोजला दिसतच नाही. राऊटर आणि मशीनच्या मध्ये दोन लॅन पोर्टांचा दुसरा कॉम्प्युटर ब्रिज करून, म्हणजे सगळा डेटा त्याच्यातून जाईल असा, बसव, वायरशार्क हा तारेवरून काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्रॅम लाव आणि रात्रभर नोंद घे. ग्रामसेवकांची लेखी परवानगी आधी, बाकी सगळं नंतर.

पण त्याच्याही आधी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली ती पासवर्डची चिठ्ठी काढ. विंडोज चोरीचं आहे का बघ. दुरुस्तीवाल्यानं टाकलेलं दुरून चालवायचं सॉफ्टवेअर अजून तसंच आहे का, तेही बघ. गावाचे अंगठे बाहेर जात असतील तर माझ्या मते बहुधा याच वाटेनं.

तू म्हणतेस ती आठ पायांची चिप बहुतेक बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, आहे. ती वाचायचा प्रोग्रॅमर आणि चिमटा माझ्याकडे आहे. दोनदा वाचायची, दोन्ही फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला ओळखीचा आकडा, जुळला तरच वाचन खरं धरायचं. कंपनीच्या फाइलशी ती तंतोतंत जुळणार नाही, सीरियल नंबर आणि सेटिंग त्यातच असतात. कुठं जुळत नाही ते आपण बसून बघू. रविवारी ये. येण्याआधी भिंगातून चिपवरचा नंबर उतरवून मला पाठव. ती 1.8 व्होल्टची निघाली तर माझ्या प्रोग्रॅमरला मध्ये अ‍ॅडॉप्टर लावावा लागेल, नाहीतर चिप जळेल आणि सोमवारी दाखल्यांसाठी येणारी माणसं परत जातील.

तुझा,
दुकानातला काका