भिंत कुणाची?

पोरी,

१७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला भिंतीवर काढायचं तुझं कच्चं चित्र पाहिलं. हात चांगला आहे तुझा. पण त्या भिंतीच्या मालकाला विचारलंस का?

विचारतोय, कारण मी विचारलं नव्हतं. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा आपला १ नोव्हेंबरचा काळा दिन, त्याच्या आदल्या रात्री एका किराणा दुकानाच्या बाजूला गेरूनं घोषणा लिहून मी घरी येऊन झोपलो. सकाळी पोलीस आले ते दुकानदाराकडे. बिचारा बादली घेऊन भिंतीला चुना फासत होता आणि मी समोरून सायकल दामटत निघून गेलो. महापालिकेच्या लेखी परवानगीशिवाय उघड्यावरची भिंत रंगवणंही १९८१ च्या कायद्यानं कर्नाटकात गुन्हा आहे, तो अंगावर घ्यायचा तर आपल्या घे.

दुसरं, चित्रातली घोषणा काढून टाक. चाळीस वर्षं दोन्ही भाषांतले बोर्ड रंगवले मी. देवनागरीला निळीची दोरी मारली की एका फटक्यात शिरोरेघ मिळते. कानडीत बहुतेक अक्षरांचं तलकट्टु, म्हणजे माथ्यावरची खूण, वेगळं काढावं लागतं, मनगट दुखतं. बेळगावच्या शहापुरात कानडी माणूस मराठी बोर्डाखाली उभा राहून पत्ता विचारतो आणि आपला माणूस कानडी बोर्डाखाली. मोठ्या अक्षरांत लिहिलंस की अर्धी गल्ली वाचायच्या आधीच मान फिरवते. चेहऱ्याचं तसं होत नाही. इजिप्तमध्ये कैरोत मोहम्मद महमूद रस्त्यावरच्या भिंतींवर उठावात मारल्या गेलेल्यांचे चेहरेच काढले होते. २०१२ च्या सप्टेंबरात त्यावर रंग फासला, तर पोरं लगेच परत येऊन नवं काढायला लागली. १९५६ च्या १७ जानेवारीला सीमाप्रश्नाच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात गेलेली माणसंही कुणाच्या तरी घरातली होती. तू त्यातलं एक घर काढ. चूल, दारातल्या चपला, एवढं पुरे.

रंगाचं सांगतो. जानेवारीत काढतेस ते बरं. आपल्याकडे पावसाळाभर चिऱ्याची भिंत पाणी पिते. ओलीवर ऑइलपेंट मारलास तर दिवाळीपर्यंत पोपडे. आधी ब्रशनं घासून शेवाळ काढ, चुन्याचे दोन हात दे, मग डिस्टेंपर. चपलांसाठी जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा साचा काप. कागदाचा दुसऱ्याच हाताला भिजतो.

आणि झालं की लगेच फोटो काढ. दुसऱ्या दिवशी भिंत पांढरी दिसली तर रडत बसू नकोस, हे काम असंच असतं.

मालक कानडी आहे म्हणालीस ना? रविवारी सकाळी मला घेऊन जा. बोलायचं मी बघतो, तू फक्त चित्र धरून उभी राहा.

तुझा,
पेंटरकाका