मुरमाड जागेत, बिनपाण्याचं फुलझाड कोणतं लावावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फलटणजवळ घरापुढे दोन गुंठे जागा, तीवर पायाच्या खोदाईतून निघालेला मुरूम पसरलेला, पाणी आठवड्याला एक टँकर. गुलाब गेले, जास्वंदही गेली. आता अशा जागेत टिकेल असं फुलझाड कोणतं आणि त्यासाठी माती विकत आणून टाकावी का?

माती आणायच्या भानगडीत पडू नका. त्या मुरमाचंच झाड लावा, ते म्हणजे तरवड. तुम्ही तो रोज बघत असणार. दहिवडी, म्हसवडकडे जाताना रस्त्याच्या कडेला, माळावर, ओढ्याच्या काठाला दिवाळीपर्यंत पिवळाधमक फुललेला असतो तोच. घटाच्या माळेला कारळ्याच्या फुलांबरोबर हीच फुलं लागतात. नवरात्रात पहाटे पिशवी घेऊन माळावर जायचं काम आमच्या घरात पोरांकडे असायचं. रोजच्या बघण्यातला असल्यामुळे बागेत लावायची गोष्ट म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, एवढंच. तेलंगणात त्याला तंगेडु म्हणतात, तिथलं ते राज्यफूल आहे आणि बतुकम्माच्या सणात फुलांची जी उतरंड रचतात तिच्यात त्याचा मान असतो.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही भरवशाचा नाही. घराच्या कडेने तरवडाची तीसेक झाडं आहेत. ती दुसऱ्या खेपेची. पहिल्या खेपेची सगळी मी स्वतः मारली, आणि तुम्हीही नेमकं तेच करायच्या बेतात दिसताय म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वर्षी मी टिकावाने दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, त्यांत तळ्यातली काळी माती आणि शेणखत भरलं, वर रोपं लावली. जून-जुलैत रोपं अशी उसळली की येणारा-जाणारा विचारायचा. ऑगस्टमध्ये आठ दिवस झड लागली आणि पानं खालून पिवळी पडायला लागली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून आणखी दिलं. सप्टेंबरात एक रोप हलवून बघितलं तर सबंध हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत, खड्ड्यात चिखल आणि त्याला कुबट वास. घट्ट मुरमात खड्डा घेऊन त्यात काळी माती भरली की तो खड्डा राहत नाही, रांजण होतो. चहूबाजूंनी पाणी आत उतरतं, बाहेर जायला वाट नसते. दुष्काळी तालुक्यात मी झाडं पाण्यात बुडवून मारली! आमच्या म्हाताऱ्याने ते बघून फक्त विचारलं, "माळावरच्या तरवडाला कोण खत घालतं रे?"

तेव्हा लावायची रीत अशी. जागा पूर्ण उन्हाची बघा, झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत तो नुसता उंच होतो, फुलत नाही. पहारीने हात-दीड हात खोल मुरूम फोडून मोकळा करा आणि तोच परत लोटा. खत नाही, काळी माती नाही. फारच दगड असतील तर मोठे तेवढे काढा. जागेला उतार असेल तर प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा वीतभर उंच बांध घाला, म्हणजे पडलेला पाऊस झाडापाशी जिरेल आणि जादा झाला तर दोन्ही टोकांनी निघून जाईल. कुंपण करायचं असेल तर झाडं तीन-तीन फुटांवर, सुटं झाड हवं असेल तर सहा फूट सोडा.

रोप शोधत नर्सऱ्या पालथ्या घालू नका. एक तर मिळत नाही, आणि मिळालं तरी पिशवीतल्या रोपाचं मूळ तळाशी वेटोळं घातलेलं असतं. तरवडाचा सगळा जोर खाली जाणाऱ्या सोटमुळात आहे. माळावरून उपटून आणलेलं झाड तर लागतच नाही, ते मूळ तुटलेलं असतं. बी जागेवरच टोकायचं.

बियाचं कवच मात्र भलतं टणक. तसंच टोकलं तर काही उगवतं, काही वर्षभर तसंच पडून राहतं. मी दोन रीती करतो. थोडंच बी असेल तर ओट्याच्या खरबरीत पायरीवर एकेक बी बोटाखाली धरून घासायचं. तपकिरी चकाकी जाऊन आतला फिका रंग टिकलीएवढा दिसला की थांबायचं. बियाच्या टोकाशी, जिथे ते शेंगेला चिकटलेलं असतं, तिथे घासायचं नाही, कोंब तिथेच असतो. बी जास्त असेल तर पातेल्यात पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा आणि मग बी टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. चुलीवर ठेवून बी शिजवू नका, हे सांगावं लागतं कारण आमच्या एका पाहुण्याने ते केलंय. सकाळी जे बी फुगून दुप्पट झालं असेल ते त्याच दिवशी टोका. जे जसंच्या तसं राहिलं ते परत तसंच उकळलेल्या पाण्यात टाका.

वेळ मृगाची. पहिला चांगला पाऊस होऊन मुरूम वीतभर ओला झाला की एका जागी तीन-तीन बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टाका. आठवडा-दोन आठवड्यांत उगवतात. हातभर झाली की जोमदार एक ठेवून बाकीची कात्रीने कापा, उपटू नका, नाहीतर राहिलेल्याचंही मूळ हलतं.

आता पाणी. पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली तर प्रत्येकाला तांब्याभर. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाच लिटरचा एक कॅन, संध्याकाळी, सावकाश. रोज थोडं थोडं शिंपडत बसलात तर मुळं वरच्या वर राहतात आणि मग टँकर चुकला की झाड गेलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी बंद. माझ्या झाडांना मी आता मे महिन्यातही देत नाही. पानं थोडी झडतात, झडू द्या.

पहिलं वर्ष निराश करणारं असतं, हे आधीच सांगून ठेवतो. वर जेमतेम गुडघाभर काडी दिसते, कारण झाड खाली कामाला लागलेलं असतं. फुलं धरायची ती दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी. मोठ्या झाडाला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, पण कोवळं रोप शेळी खुडते आणि कोंबडी उकरते. तेवढं एक वर्ष बाभळीच्या काट्यांचं कोंडाळं करा.

छाटणीची एक खुबी आहे. फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला येतं. त्यामुळे मे अखेर झाड गुडघ्याएवढं ठेवून सपासप छाटा, पावसावर दसपट फुटतं आणि बुंध्यापासून दाट होतं. पण ऑगस्ट-सप्टेंबरात "जरा आकार देऊ" म्हणून कात्री लावलीत तर नवरात्रात घटाला शेजाऱ्याकडे फुलं मागायची वेळ येईल. न छाटता सोडलं तर पुरुषभर किंवा त्याहून उंच जातं आणि खाली उघडं पडतं.

बी आणताना ओळख पक्की करून घ्या, कारण पिवळी फुलं टाकळ्यालाही येतात आणि टाकळा पावसाळा संपला की वाळून जातो. तरवडाच्या पानाच्या देठाशी, फांदीला धरून, कानाच्या पाळीसारखी दोन गोल पानं असतात. शास्त्रीय नावातलं ऑरिक्युलाटा त्यावरूनच आलंय, कान असलेली. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, वाळली की खुळखुळते.

फुलात मध नसतो, तरी काळे भुंगे घिरट्या घालत असतात. सकाळी आठच्या सुमाराला झाडाजवळ उभे राहा. भुंगा फुलाला लोंबकळतो आणि एकदम त्याचा आवाज बदलतो, बारीक, चिरका. त्याच्या थरथरीने परागकोशाच्या टोकाच्या भोकातून पराग उडून त्याच्या पोटावर पडतो. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्याही दिसतील. फिकट पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, दोन-चार फांद्या खातात आणि जातात. फवारा मारू नका.

दुसरे पर्याय विचाराल म्हणून सांगतो. बोगनवेल चालेल, फक्त काट्यांची तयारी ठेवा. कण्हेर टिकेल, पण तिचं पान, फूल, बी सगळंच विषारी, तुमच्याकडे लहान मुलं आणि गाय आहे असं लिहिलंय तेव्हा मी तरी लावणार नाही. घाणेरी फुकट मिळते म्हणून चुकूनही आणू नका, नंतर ती तुम्हाला घराबाहेर काढेल. आणि तरवड लावलात की कुणीतरी साखरेच्या आजारावर फुलांचा काढा प्यायला सांगेलच, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याची साल कातडी कमावायला वापरायचे, तिच्यात टॅनिन भरपूर, एवढं मला पक्कं माहीत आहे.

जानेवारीत शेंगा तयार असतात. फेब्रुवारीच्या आत दोन-तीन वेगवेगळ्या झाडांवरच्या तपकिरी शेंगा आणा. शेंगा सोलून ज्या बियांना टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेल त्या फेकून द्या, आत कीड असते. उरलेलं बी दोन दिवस कडक उन्हात तापवून बरणीत, राखेत घालून ठेवा. सोळा-सतरा झाडांना पन्नास बिया लागतील, तुम्ही शंभर ठेवा.