ऑइल पुरेसे असूनही इंजिनातील बेअरिंगचे कपचे का निघतात?

यवतमाळकडच्या आपल्या ट्रॅक्टरचे इंजिन उघडल्यावर कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर भेगांचे जाळे व निघालेले कपचे दिसले आणि मिस्त्रीने ऑइलला दोष दिला, असे आपण लिहिले आहे. वर्णनावरून हा धातू थकल्याचा प्रकार वाटतो. ऑइलचा थर शाबूत असला, तरी सिलिंडरमधील प्रत्येक स्फोटाचा दाब त्या थरातून बेअरिंगच्या पोलादी पाठीवर चढवलेल्या मऊ धातूच्या अस्तरावर येतो आणि ओसरतो. असे लाखो वेळा घडल्यावर पृष्ठभागावर बारीक भेग पडते, ती आत उतरते, अस्तर आणि पोलादी पाठ यांच्या सांध्याच्या किंचित वर आडवी वळते आणि शेजारची भेग तिला मिळाली की तुकडा सुटतो. ऑइल कमी पडले असते, तर अस्तर घासून पसरलेले दिसले असते. धूळ-कचऱ्याने लांब ओरखडे उमटतात.

अस्तर तापले की त्याची ताकद घटते, म्हणून वैशाखातल्या नांगरटीत रेडिएटर चोंदलेला असणे (आपल्याकडे हे नेहमीचेच) घातक ठरते. कपचे एकाच काठाला निघाले असतील, तर रॉड वाकला आहे का किंवा क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निमुळते झिजले आहे का, हे नवे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बसवण्यापूर्वी मोजून घ्यावे.