वजनाचा काटा आणि मैत्रिणींची साथ

प्रश्न : माझे वय ४८ वर्षे आहे. आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी असून दोन महिन्यांपूर्वी आम्ही मिळून वजन कमी करायचे ठरवले. रोज सकाळी एकत्र चालतो आणि दर सोमवारी आपापले वजन व्हॉट्सॲपवरील गटात कळवतो. बाकी तिघींचे वजन तीन ते पाच किलोंनी उतरले, माझे मात्र जेमतेम एक किलो. त्या मनापासून धीर देतात, तरीही मला सोमवार नकोसा झाला आहे आणि गेल्या आठवड्यात तर मी चक्क खोटा आकडा कळवला. या वयात चयापचय मंदावते म्हणतात, ते खरे आहे का? आणि मी या गटातून बाहेर पडावे का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. गट सोडू नका, सोमवारचा आकडा मात्र बंद करा.

वजनाच्या काट्यावर दिसणारी संख्या म्हणजे निव्वळ चरबी नव्हे. शरीरातील पाणी, आदल्या दिवशी खाल्लेले मीठ, पोट साफ झाले की नाही, मासिक पाळीचे दिवस, या सगळ्यांमुळे एकाच व्यक्तीचे वजन दोन दिवसांत एक-दीड किलोने सहज वरखाली होते. शिवाय यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी केले की पहिल्या पंधरवड्यात हा साठा आणि त्याच्यासोबतचे पाणी निघून जाते, आणि ज्यांनी एकदम कडक पथ्य धरले त्यांचा काटा झपाट्याने खाली आलेला दिसतो. मुळात ज्यांचे वजन अधिक असते त्यांचे सुरुवातीला अधिक उतरते, हेही लक्षात घ्या. तेव्हा चौघींचे आकडे एका रांगेत मांडून त्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

आता चयापचयाविषयी. चाळिशीनंतर ते मंदावते, ही समजूत इतकी रूढ आहे की डॉक्टरही ती बोलून दाखवतात. परंतु २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे प्रसिद्ध झाली. त्यांत अगदी तान्ह्या बाळांपासून नव्वदी ओलांडलेल्यांपर्यंत सर्व वयांचे लोक होते. शरीराचे आकारमान आणि त्यातील चरबी वगळून उरणारे वजन हिशेबात धरले, तर २० ते ६० या वयात ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने घटू लागतो, असे त्यात आढळले. म्हणजे ४८ व्या वर्षी तुमच्या शरीरातील भट्टी विझलेली नाही.

मग बदलते काय? स्नायू घटतात, आणि ते मुख्यतः न वापरल्यामुळे. दिवसातील बारीकसारीक हालचाल कमी होते, बसणे वाढते. झोप तुटक होते. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण उतरते, आणि जी चरबी पूर्वी मांड्या व नितंब यांवर साठत होती ती पोटाभोवती जमू लागते. म्हणूनच काट्याबरोबर कमरेचा घेरही महिन्यातून एकदा मोजावा. दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली जाते. वजन फारसे न हलता घेर दोन-तीन सेंटिमीटरने कमी झाला असेल, तर तुमचे कष्ट वाया गेलेले नाहीत.

झोपेबद्दल एक लहानसाच, पण मला महत्त्वाचा वाटणारा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. मोजके खाणाऱ्या दहा व्यक्तींना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणावर राहण्याची मुभा दिली. दोन्ही वेळा वजन साधारण सारखेच उतरले, पण कमी झोपेच्या काळात त्यातील चरबीचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला आणि स्नायूंसारख्या ऊतींची झीज वाढली. दहाच माणसांच्या प्रयोगावरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. तरीही पहाटे साडेचारचा गजर लावून चालायला जाणाऱ्या मैत्रिणींनी त्याचा विचार करावा. तासभर उशिरा निघालात तर काही बिघडत नाही.

तुमच्या चालण्याबाबत एक शंका मला विचारावीशी वाटते. चौघी मिळून चालतात तेव्हा वेग कोण ठरवते? माझा अनुभव असा, की सर्वांत सावकाश चालणारी मैत्रीण तो ठरवते, आणि कोणी रंगवून काही सांगू लागली की सगळ्याच थबकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही करावा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी खूण आहे. तेव्हा सुरुवातीची वीस मिनिटे आपापल्या वेगाने चालावे आणि गप्पा परतीच्या वाटेवर ठेवाव्यात. ताकदीचा व्यायाम बहुतेक स्त्रिया टाळतात, मात्र या वयात त्याची गरज चालण्याइतकीच आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, इतक्यापासून आरंभ करता येतो.

तरीही दोन महिन्यांत एकच किलो उतरले, घेरही तसाच आहे, असे असेल तर खाण्याकडे पुन्हा पाहावे लागेल. निव्वळ चालण्याने वजन फारसे उतरत नाही. चालून आल्यावर ‘आज व्यायाम झाला आहे’ म्हणून आपण नकळत चार घास अधिक खातो. एक आठवडा खाल्लेले सगळे, मधले तोंडात टाकलेलेही, वहीत लिहून पाहा. ती वही कोणालाही दाखवू नका. एकदा थायरॉइडची तपासणी करून घ्या, आणि स्टेरॉइड किंवा नैराश्यावरील काही औषधे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यांतील काहींनी वजन वाढते.

उद्दिष्टही बेताचे असू द्या. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधाच्या ज्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे ७ टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल करणे, एवढेच लक्ष्य ठेवले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ७५ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ७ टक्के म्हणजे साधारण सव्वापाच किलो. विशीतला फोटो समोर ठेवून पंधरा किलोंचा संकल्प करणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

आता गटाविषयी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जण वजन उतरवण्याच्या वर्गात एकटे आले होते, तर काही जण तीन मित्र वा नातेवाईक सोबत घेऊन आले होते. एकट्याने येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्के लोकांनी वर्ग पूर्ण केला आणि पुढील सहा महिने उतरलेले वजन पूर्णपणे टिकवणारे त्यांत २४ टक्केच होते. मित्रांसह येऊन परस्परांना आधार देण्याचे शिक्षण मिळालेल्यांत हेच आकडे ९५ आणि ६६ टक्के होते. अर्थात ज्याला तीन माणसे सोबत आणता येतात, त्याचे आयुष्य आधीच काहीसे सावरलेले असू शकते, त्यामुळे सगळे श्रेय मैत्रीला देणे योग्य ठरणार नाही. पण सोबत असली की माणूस टिकून राहतो, एवढे मला त्यातून पटते, आणि तुमच्या बाबतीत सध्या टिकून राहणे हाच कळीचा मुद्दा आहे.

म्हणून मैत्रिणींना वजनाऐवजी कृती कळवा. ‘आज चाळीस मिनिटे चालले’, ‘या आठवड्यात दोनदा ताकदीचा व्यायाम झाला’, ‘रात्री अकराला झोपले’, असे काही. या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, काटा तसा नाही. वजन ज्याचे त्याने घरी पाहावे.

राहिला तो खोटा आकडा. तो मैत्रिणींना सांगून टाका. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी जीन नायडेच ही गृहिणी एका सरकारी दवाखान्यातून आहाराचा तक्ता घेऊन आली होती. ती तो पाळत होती, पण न्हाणीघरातील धुण्याच्या टोपलीत बिस्किटांचे खोके दडवून चोरून खातही होती. अखेर तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावून हे कबूल केले, आणि ऐकणाऱ्याही आपापली लपवाछपवी सांगू लागल्या. त्या बैठकांतून १९६३ साली ‘वेट वॉचर्स’ ही संस्था उभी राहिली. तुमच्या तिघींपैकी एखादीनेही एखाद्या सोमवारी आकडा थोडा ‘सावरून’ कळवला असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रश्न : वय ५३. डॉक्टरांनी दहा किलो वजन कमी करायला सांगितले आहे. माझे पाच जुने मित्र ‘तू करच, आम्ही पाठीशी आहोत’ असे म्हणतात, पण दर शनिवारी भेटलो की तेच आग्रहाने खाऊ-पिऊ घालतात आणि नको म्हटले तर थट्टा करतात. मैत्री तोडायची नाही. काय करावे?

उत्तर : मित्रांचा प्रभाव दोन्ही दिशांनी चालतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मित्र स्थूल झाल्यास ती व्यक्तीही स्थूल होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असे त्याच्या लेखकांनी मांडले. सारख्या सवयींची माणसेच एकमेकांचे मित्र होतात, त्यामुळे हा परिणाम मैत्रीचाच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, असा आक्षेपही त्यावर घेतला गेला आणि तो रास्त आहे. पण शनिवारच्या टेबलाचा अनुभव तुम्हाला आहेच.

तुमचे मित्र दुटप्पी नाहीत. ‘पाठीशी आहोत’ याचा नेमका अर्थ काय, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. पाचही जणांसमोर भाषण करू नका, ते थट्टेवारीच जाईल. त्यांतल्या एकाला, शक्यतो ज्याला स्वतःलाही वजनाची काळजी वाटते अशाला, बाजूला घेऊन एकच विनंती करा : ‘मी दुसऱ्यांदा नको म्हटले की विषय बदल.’ इतके नेमके मागितले तर माणसे सहसा नाही म्हणत नाहीत. महिन्यातील एक-दोन भेटी चालण्याच्या, पोहण्याच्या किंवा खेळाच्या ठरवा. भेटीला जाताना कडकडून भूक लागलेली नसावी. मद्य घेत असाल तर ते कमी करण्याने दुहेरी लाभ होतो, कारण मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात आणि दुसऱ्या पेल्यानंतर समोरच्या ताटाबद्दलचा निश्चयही सैल होतो.

प्रश्न : मला सहा वर्षांपासून मधुमेह असून गोळ्या चालू आहेत, रक्तदाबाचीही गोळी आहे. मैत्रिणींनी रात्रीचे जेवण पूर्ण बंद करण्याचा उपक्रम सुरू केला आहे व त्या मलाही आग्रह करीत आहेत. मी सामील व्हावे का? वय ५१.

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना जेवण गाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे असून ती झोपेत उद्भवली तर कळायलाही वेळ लागतो. मधुमेहाच्या इतर काही औषधांबाबत उपाशी राहण्याचे वेगळे धोके आहेत. वजन उतरू लागले की रक्तदाबाच्या गोळीचे प्रमाणही कमी करावे लागू शकते, अन्यथा उठताना चक्कर येते. चालण्यात, ताकदीच्या व्यायामात तुम्ही मैत्रिणींसोबत जरूर राहा. आहार मात्र प्रत्येकीचा तिच्या औषधांप्रमाणे आणि तपासण्यांप्रमाणे ठरायला हवा. ज्यांना कोणताही आजार नाही अशा तुमच्या मैत्रिणींनाही एक सूचना : आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : माझ्या जिवलग मैत्रिणीचे वजन गेल्या दोन वर्षांत फार वाढले आहे. तिला न दुखावता हे कसे सांगावे?

उत्तर : सांगूच नये. तिच्या घरी आरसा आहे, आणि तुमच्या आधी ते तिला बऱ्याच जणांनी सांगितलेले असणार. ‘मला सकाळी चालायला सोबत हवी आहे, येशील का?’ असे विचारा आणि ती नाही म्हणाली तर महिन्याभराने पुन्हा विचारा. एक अपवाद मात्र करावा. ती झोपेत मोठ्याने घोरत असेल आणि मध्येच तिचा श्वास थांबत असेल, जिना चढताना तिला धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर संकोच बाजूला ठेवून त्या त्रासाबद्दल स्पष्ट बोला, वजनाचे नाव काढू नका, आणि डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः तिच्यासोबत जा.