कादंबरीतल्या माणसाचा खिसा तपासा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : धुळ्याला एम. ए. मराठी करताय, 'श्यामची आई', 'नटसम्राट', 'कोसला' अशा पुस्तकांवर आशयसूत्राचे आणि व्यक्तिचित्रणाचे प्रश्न येतात, तुम्ही गाईडमधलं लिहिता आणि सर शेरा मारतात, 'यात तुमचं काय?' तर स्वतःचं विश्लेषण करायचं कसं, आणि समीक्षेची पुस्तकं त्याआधी वाचायची की नंतर?

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे तुमच्या सरांचा वैताग मला कळतो. 'श्यामची आई प्रेमळ, कष्टाळू, सोशिक व संस्कारी होती.' हे वाक्य दरवर्षी गठ्ठ्यांनी येतं. त्यातलं नाव खोडून कुठल्याही गावातल्या कुठल्याही आईचं नाव घाला, वाक्य तसंच उभं राहतं. असल्या लिखाणाला श्रद्धांजली म्हणतात. आशयसूत्राचंही तेच. 'मातृप्रेम', 'ग्रामीण जीवन', 'दोन पिढ्यांतला संघर्ष' हे नुसते विषय झाले. त्या विषयाबद्दल हे पुस्तक नेमकं काय म्हणतंय, ते तुम्हाला एका पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट सांगता आलं पाहिजे. तोवर आशयसूत्र हाती लागलेलं नाही असं समजा.

ते वाक्य मिळवायला मी मुलांना एक साधी, थोडी वाण्याच्या वळणाची सवय लावतो. पात्राचं मन वाचण्याआधी त्याचा खिसा तपासा. घरात पैसा कुठून येतो, कोण कोणाचं देणं लागतो, चार घास कोण कोणाला घालतो आणि त्याबद्दल कोण किती ऐकवतो, हे समासात पेन्सिलीने लिहीत चला. माणूस स्वतःबद्दल वाट्टेल ते बोलतो, लेखकही कधी कधी त्याला बोलू देतो. पण देण्याघेण्याच्या वेळी त्याचं खरं रूप लपत नाही. आपल्याकडच्या मुलांना हे शिकवावंही लागत नाही. कापसाचा भाव पडला की घरातली बोलणी कशी बदलतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

'श्यामची आई'च घ्या. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, म्हणून आपण त्यांना आपलेच मानतो. पुस्तक मात्र कोकणातल्या घराचं आहे आणि लिहिलं गेलं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. बेचाळीस रात्री श्याम आपल्या आश्रमातल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना. आता पेन्सिल घेऊन वाचा. हे घर एके काळी खाऊनपिऊन सुखी होतं आणि कर्जात बुडत चाललंय. एका रात्रीचं नावच 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' असं आहे. सावकाराचा माणूस ओटीवर येऊन वाटेल ते बोलतो, तेव्हा हीच 'सोशिक' आई बाहेर येऊन त्याला फैलावर घेते. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिंपटीने झोडपते, कारण लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हटलेलं तिला खपणार नसतं. 'प्रेमळ' या विशेषणात हे दोन्ही प्रसंग बसतात का? बसवायचे तर त्या विशेषणाची शिवण उसवावी लागेल, आणि उसवलीत की तुमचं उत्तर सुरू झालं.

मला वाटतं, या पुस्तकाचं म्हणणं नुसतं आई थोर असते असं नाही. घरातली लक्ष्मी निघून जात असताना मुलाच्या मनातली श्रीमंती टिकवायची तर आईला मऊपणाइतकाच ताठा लागतो, आणि त्या ताठ्याची किंमत ती स्वतःच्या देहाने चुकवते, असं ते म्हणतं. तुम्हाला हे पटायलाच हवं असं नाही. पण यावर वाद घालता येतो. 'मातृप्रेम' या शब्दावर काय वाद घालणार?

निवेदक कोण, हेही विसरू नका. ही आई आपल्याला थेट दिसत नाही. ती गेल्यावर मोठा झालेला, अपराधी वाटणारा मुलगा ती उभी करतोय. वडिलांकडे त्याचं लक्ष कमी जातं. म्हणून 'अळणी भाजी' हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. भाजीत मीठ पडलेलं नाही आणि वडील चकार शब्द न काढता जेवतात. कर्जाच्या बाबतीत दुबळा वाटणारा हा माणूस पानावर बसल्यावर केवढा मोठा होतो! दुय्यम पात्रांवर प्रश्न आला तर इथून सुरुवात करा.

'नटसम्राट'वर फार लिहीत नाही, कारण तिथे खिसा उघडाच आहे. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. गणपतराव बेलवलकर निवृत्त झाल्यावर जवळचं सगळं मुलाला आणि मुलीला वाटून टाकतात आणि मग त्यांच्याच घरात पाहुण्यासारखे होतात. पुढे मुलीच्या घरी त्यांच्यावर पैशाच्या चोरीचा आळ येतो. यामागे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातला राजा लिअर आहे हे तुम्ही लिहालच, सगळेच लिहितात. पण मूळ नाटकातला एक हिशेब बघा. राज्य वाटून दिल्यावर लिअर स्वतःसाठी शंभर सरदारांचा लवाजमा ठेवतो. मुली तो आकडा खाली आणत नेतात : पन्नास, पंचवीस, दहा, पाच, आणि शेवटी एक तरी कशाला हवा? सुरुवातीला यानेच मुलींना विचारलेलं असतं, माझ्यावर तुमचं प्रेम किती? प्रेम मोजायला त्यानेच शिकवलं आणि आता मुली त्याला मोजून दाखवताहेत. 'मुली कृतघ्न, बाप बिचारा' एवढ्यावर थांबणाऱ्याला हे दिसत नाही. बेलवलकरांचं पाप लिअरइतकं मोठं नाही असं माझं मत. पण टाळ्यांची सवय झालेला माणूस घरातही प्रेक्षकच शोधतो, हा मुद्दा लावून धरलात तर तुलनेत जीव येईल.

आता 'कोसला'. लेखक भालचंद्र नेमाडे आपले, त्यांची सांगवी आपल्या खानदेशातली, त्यामुळे वर्गात या पुस्तकाबद्दल आधी अभिमान असतो आणि वाचल्यावर गोंधळ. पारोळ्याकडच्या एका मुलाने मला भर वर्गात विचारलं होतं, 'सर, हाऊ नुसता बापना पैसा उडाई राहिना. त्यानं काय कवतिक?' (हा नुसता बापाचा पैसा उडवतोय, त्याचं काय कौतुक?) वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न कित्येक छापील लेखांपेक्षा बरा वाटला, कारण पोराने पहिल्या फटक्यात कादंबरीच्या नायकाच्या, पांडुरंगच्या खिशात हात घातला होता. ही कादंबरी १९६३ सालची. पांडुरंग सांगवीकर शेतकरी बापाच्या पैशावर पुण्याला शिकायला जातो, पैसे घालवतो, नापास होतो, गावी परत येतो. स्वतःची ओळख करून देतानाच तो या घालवलेल्या पैशांबद्दल बोलतो. बाप पैशाच्या भाषेत बोलतो आणि मुलाला तीच भाषा नकोशी आहे, पण त्या पैशाशिवाय त्याचं बंडही चालत नाही. गाईडमध्ये इथे 'अस्तित्ववाद' (जगण्याला आयता अर्थ नसतो, तो ज्याचा त्याने शोधायचा, हा विचार), 'परात्मता' (स्वतःपासून आणि लोकांपासून तुटल्याची भावना) असे शब्द येतात. ते खोटे नाहीत. पण ते पहिल्या ओळीत लिहिले की पुढे काही सुचत नाही, कारण ते शब्द पॅरिसहून येतात आणि पांडुरंगची मनीऑर्डर गावाहून.

मग मनी, त्याची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने मरते. तोवर सगळ्या जगाची टिंगल करत आलेला निवेदक इथे कोसळतो. याच मृत्यूवर नजर ठेवून पुढचं-मागचं वाचा. आधीची थट्टा कशाला होती आणि नंतरची कशाला आहे, यातला फरक तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आला, तर पांडुरंगची व्यक्तिरेखा तुम्हाला कळली असं मी म्हणेन. तो आळशी की बंडखोर, हा वाद मग आपोआप मागे पडतो. (माझ्या मते तो दोन्ही आहे, आणि आळशीपणा जरा जास्तच आहे. हे स्टाफरूममध्ये बोललो की अजून वाद होतो.)

हाच डोळा कवितेलाही लागतो, निदान बहिणाबाईंना तरी. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' यावर 'मनाची चंचलता' असं लिहून मुलं मोकळी होतात. उभ्या पिकात ढोर शिरणं म्हणजे काय, हे राखणीला बसलेल्या माणसाला विचारा. डोळ्यांदेखत वर्षाची कमाई तुडवली जाते. असोद्यात जन्मलेली आणि हयात शेतात काढलेली ही बाई मनाबद्दल बोलताना नुकसानीची भाषा वापरते, हे आधी टिपा. आणि मग शेवटाकडे जा. तिथे ती चक्क देवालाच विचारते, असं कसं रे मन घडलं, जागेपणी तुला हे कुठलं स्वप्न पडलं? तक्रारीने सुरू झालेली कविता अचंब्यावर येऊन थांबते. हे वळण गाईडमध्ये क्वचित सापडतं, कारण तिथे शेवटचं कडवं बहुधा कोणी वाचलेलंच नसतं.

सगळीकडे मात्र ही युक्ती चालत नाही. धरणगावच्या बालकवींची 'औदुंबर' ही जेमतेम आठ ओळींची कविता. तिच्यात ना पात्र, ना पैसा. तिथे पाहणाऱ्याची नजर कुठून कुठे जाते ते बघावं लागतं : झरा, गाव, शेतमळे, पायवाट आणि मग काळा डोह, ज्यात पाय टाकून ते झाड बसलंय. हिरव्यातून काळ्याकडचा तो उतार, एवढंच सामान आहे. उगाच त्यात तत्त्वज्ञान कोंबू नका.

राहिला समीक्षेचा प्रश्न. आधी वाचू नका. मूळ पुस्तक दोनदा वाचा : पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तुम्ही लावलेलं विशेषण ज्या प्रसंगात खोटं पडतं, असे दोन-तीन प्रसंग प्रत्येक मोठ्या पात्रासाठी काढून ठेवा. आशयसूत्राचं वाक्य लिहा, ते वाईट असलं तरी चालेल. त्यानंतर समीक्षा उघडा, म्हणजे तिच्याशी भांडता येईल आणि काही ठिकाणी मुकाट्याने मान्यही करता येईल. पेपरात 'अस्तित्ववाद' लिहायचाच असेल तर तिसऱ्या परिच्छेदात लिहा, मार्क कापत नाहीत. आणि गाईड फेकू नका. सन आणि पात्रांच्या नावांचं स्पेलिंग तपासायला ते उपयोगी पडतं, फक्त त्यातही चुका असतात, तेव्हा मूळ पुस्तक शेजारी ठेवा.