मोटर बदलण्याआधी विमान दोन बोटांवर तोलून पाहा

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या शेपटीला चाक बसवले, वजन वाचवण्यासाठी बॅटरी लहान घेतली, आणि आता हातातून सुटताच विमान नाक वर करून डाव्या पंखावर कोसळते, तेव्हा जास्त केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला जास्त फेरे घेणारी मोटर घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. मी अभियंता नाही आणि आपले विमान प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पण हेच दुखणे मी दोन विमानांच्या मोबदल्यात ओळखायला शिकलो आहे.

माझे उंच पंखाचे, बाल्साच्या हलक्या लाकडाचे शिकाऊ विमान बॅटरीसह 950 ग्रॅम भरत असे आणि उत्तम उडत असे. पंखाची पुढून मागे रुंदी 20 सेंटिमीटर होती, आणि गुरुत्वमध्य (सीजी), म्हणजे विमान जिथे तोलून राहते ती जागा, पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे 27 टक्क्यांवर होता. एकदा उतरताना शेपटी मोडली. मी ती प्लायवूडची पट्टी आणि भरपूर इपॉक्सी लावून जोडली. 25 ग्रॅम वाढले असतील. त्याच आठवड्यात एका दुकानदाराने ‘विमान जितके हलके तितके चांगले’ असे ठामपणे सांगून 2200 एमएएचच्या बॅटरीऐवजी 1300 ची माझ्या हाती ठेवली, जी 70 ग्रॅमने हलकी होती. एकूण वजन कमीच झाले, म्हणून मी खूश होतो.

हिशेब मात्र वजनाचा नसतो, अंतराचा असतो. शेपटी गुरुत्वमध्याच्या 60 सेंटिमीटर मागे होती आणि बॅटरी 20 सेंटिमीटर पुढे. मागे 25 गुणिले 60, म्हणजे 1500 वाढले. पुढचे 70 गुणिले 20, म्हणजे 1400 गेले. या 2900 ला नव्या 905 ग्रॅमने भागले, की गुरुत्वमध्य 3.2 सेंटिमीटर मागे सरकल्याचे दिसते. तो 43 टक्क्यांच्याही मागे गेला होता, आणि माझ्या विमानाला एवढे झेपणे शक्य नव्हते.

हा हिशेब मी तेव्हा केला नाही, हीच माझी घोडचूक. विमान बांधताना सीजी एकदा तपासला होता आणि तेवढे मला पुरेसे वाटले. कापणी झालेल्या ज्वारीच्या शेतात विमान हातातून सोडले, ते सरळ आकाशाकडे नाक करून क्षणभर थबकले आणि प्रॉपच्या, म्हणजे पुढच्या पंख्याच्या, उलट्या झटक्याने डावीकडे कलंडले. मी दोष मोटरला दिला, तेवढ्याच वजनाची पण 1400 केव्हीची मोटर विकत घेतली आणि दुसरे विमानही त्याच मापाने, त्याच लहान बॅटरीवर, शेपटीला तीच प्लायवूडची पट्टी लावून बांधून तसेच गमावले. जास्त ताकदीने ते फक्त अधिक वेगाने कोसळले. नंतर मोडका सांगाडा चिकटवून, पंखाखाली सीजीच्या जागी केलेल्या पेन्सिलीच्या खुणांवर बोटे टेकवली, तर शेपटी झपकन खाली गेली. ही तपासणी दहा सेकंदांची आहे.

आपण बॅटरी, प्रॉप, चाके सर्व बसवून, अगदी उडवण्याच्या अवस्थेत विमान तोलावे. नाक किंचित खाली राहायला हवे. शेपटी जड निघाली तर नाकात शिसे भरण्याची घाई करू नये. मी जुनी 180 ग्रॅमची बॅटरी परत आणली आणि मोटरमागची आडवी फळी कापून बॅटरी आठ सेंटिमीटर पुढे सरकवली, तेवढ्यात काम झाले. फळी कापल्यावर तिथे मजबुती द्यावी लागते, हे मात्र विसरू नये.

सीजी जागेवर आल्यावरही नाक वर जात असेल, तर मोटरचा कल तपासावा. दोन-तीन अंश खाली आणि दोनेक अंश उजवीकडे असा कल मला मानवतो, प्रत्येक विमानाला तो मानवेलच असे नाही. एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पट्टीची, हालचालही पहिल्या उड्डाणापुरती कमी ठेवावी.

आपले चाक तारेसकट किती ग्रॅमचे आहे आणि ते पंखापासून किती मागे आहे, एवढे दोन आकडे कळवलेत, तर हिशेब मी करून देईन.